काळ्या पुडीची बाटली

मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा पाकिटाची एक कड उघडून पुन्हा चिकटवल्यासारखी दिसत होती. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात टपाल आधी चावडीत यायचं आणि तिथून ज्याच्या त्याच्या घरी. चावडीत कुणीतरी वाचलं असणार, हा माझा पहिला विचार. दुसरा विचार असा की, मुळात मला बोलावलंच का?

साठचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. साताऱ्याच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झालो होतो आणि शिक्षकाच्या दोन जागांसाठी मुलाखती देऊन हात हलवत परत आलो होतो. दोन्हीकडे गाडी एकाच ठिकाणी अडली. आमचं आडनाव गावावरून पडलेलं. नुसत्या आडनावावरून काही कळायचं नाही, आणि अर्जात धर्माचा रकाना नसायचा. मग पानं उलटत कुणीतरी विचारायचं, "गावात घर कुठल्या अंगाला?" मी सांगायचो. त्यानंतरचे प्रश्न सोपे होत जायचे, इतके सोपे की परीक्षा संपल्याचं मला कळायचं. "कळवू" म्हणायचे. कुणी कळवलं नाही.

छप्पन साली आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर वडिलांनी कुणापुढं मान वाकवली नाही, पण माणसांवरचा त्यांचा अविश्वास काही गेला नाही. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. या तिसऱ्या मुलाखतीसाठी त्यांनी माझे बूट स्वतः घासले. कॉलेजातल्या सरांनी मला छाप कशी पाडायची ते सांगितलं होतं. दारात थांबून परवानगी मागा, बसा म्हटल्याशिवाय बसू नका, जो विचारेल त्याच्या डोळ्यांत बघून उत्तर द्या. मी ते वडिलांना सांगितलं.

"ह्ये समदं फौजेत आमाला पहिल्याच आठवड्यात शिकवत्यात," ते ब्रश थांबवून म्हणाले. "पर छाप पाडायच्या नादात म्होरला काय करतोय तिकडं ध्यान ठेव. रायफल हातात दिली की आदी चेंबर उघडून गोळी हाय का बघायचं. देनारा सख्खा भाऊ आसला तरी."

मुलाखत सांगलीच्या एका खासगी हायस्कूलमध्ये होती. विज्ञानाचे जुने शिक्षक सरकारी नोकरी लागल्यामुळं दिवाळीपूर्वीच सोडून गेले होते. पत्रात लिहिलं होतं की मुलाखतीनंतर प्रत्येक उमेदवारानं नववीच्या वर्गावर एक धडा प्रयोगासह घेऊन दाखवायचा. मला विषय दिला होता, प्राणवायू तयार करणे.

साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीत बसलो तेव्हा शेजारी माझ्याच वयाचा एक जण येऊन बसला. धुवून इस्त्री केलेला पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. माझ्या हातातलं पाकीट बघून तो हसला आणि पिशवीतून तसंच पाकीट काढून दाखवलं.

"तुम्हीही का? मी वाईचा. मला कार्बन डायऑक्साइड दिलाय. तुम्हाला?"

मी सांगितलं. सांगताना वाटलं, सांगायला नको होतं.

तो सगळ्या वाटेनं बोलत होता. त्याचे मामा सांगलीत असायचे. त्यांच्याकडून त्याला समितीतली माणसं ठाऊक होती. हेडमास्तर भिडस्त, हळदीचे एक व्यापारी रोखठोक, आणि एक वकील, जे आडवेतिडवे प्रश्न विचारतात. "आपल्याला माहीत नसेल तर त्यांना सरळ माहीत नाही म्हणायचं," तो म्हणाला. "थापा मारल्या की ते सोलतात." मी मान हलवत होतो आणि मनात जमाखर्च मांडत होतो. याचे मामा समितीला ओळखतात. म्हणजे जागा याची ठरलेली. मग मला बोलावलंय ते कागदावर दुसरा उमेदवार दिसावा म्हणून. आणि हा मला एवढ्या खुबी सांगतोय तो का? कुणी स्वतःच्या जागेवरून उठून दुसऱ्याला बसवतं का?

कराड ओलांडल्यावर त्यानं दशम्या आणि लसणाची चटणी काढली, अर्धी माझ्यापुढं धरली. मी घेतली. गावात घर कुठल्या अंगाला ते याला कळलं तर याचा हात असाच पुढं आला असता का, हा प्रश्न चावताना डोक्यात होता. चटणी चांगली होती, पण तो घास मला गोड लागला नाही.

आष्टा आलं तेव्हा तो म्हणाला, "एक ऐका. वर्गात जाण्याआधी तिथलं साहित्य बघून घ्या बरं का. महिनाभर त्या प्रयोगशाळेत कुणी शिक्षक नाही म्हणे."

"बघतो," मी म्हणालो.

शाळेत पोचल्यावर कळलं, तिसरा उमेदवार आलाच नव्हता. आम्ही दोघंच. त्याला आधी आत बोलावलं. तो वीस मिनिटांनी बाहेर आला आणि आतून हसण्याचा आवाज आला. मग मी दारात थांबलो, परवानगी मागितली, बसा म्हटल्यावर बसलो.

हेडमास्तरांनी अभ्यासाचे प्रश्न विचारले. ते जमले. मग वकिलांनी चष्मा कपाळावर घेतला.

"रहिमतपूरकडचे तुम्ही. गावात घर कुठं येतं?"

दोन मुलाखतींत मी या प्रश्नाला दिशा सांगितली होती. या वेळी का कोण जाणे, जीभ वळली. कदाचित जागा ठरलेलीच आहे असं धरून चाललो होतो म्हणून.

"गावाच्या पूर्वेला," मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो. "आम्ही बौद्ध आहोत. पूर्वी तिकडं महारवाडा म्हणत."

हेडमास्तर टेबलावरचा कागद सरळ करू लागले. वकिलांनी चष्मा परत नाकावर घेतला. "अहो, मी सहज विचारलं," ते म्हणाले.

हळदीचे व्यापारी मात्र खुर्चीत पुढं सरकले. "त्ये ऱ्हाऊ द्या वो. मास्तर, आमची निम्मी पोरं सायन्सला गचकत्यात. तुमी काय करनार?"

"मी कॉलेजात दोन वर्षं प्रयोगशाळेत काम करून शिकलोय," मी म्हणालो. "नळ्या धुतल्यात, औषधं तोलून दिली आहेत. फळ्यावर लिहून देण्यापेक्षा हातानं करून दाखवीन."

"दावा मग," ते म्हणाले.

धड्यांच्या आधी तयारीला अर्धा तास होता. प्रयोगशाळेला दोन दारं होती. मी व्हरांड्यातल्या दारापाशी आलो तेव्हा वाईचा तो गृहस्थ आत एकटाच होता. कपाटापुढं उभा राहून तो बाटल्या खाली-वर करत होता. एक काळपट बाटली त्यानं उचलली, बूच काढलं, आत डोकावला, बूच लावलं आणि ती परत ठेवली. मला बघून तो पटकन म्हणाला, "चुन्याची निवळी सापडत नाहीये." प्रयोगशाळेचे गडीमामा तेवढ्यात आले आणि त्यांनी खालच्या फळीवरून निवळी काढून दिली. मामा साठीला टेकलेले, जाड काचांचा चष्मा, हलकी थरथरती बोटं. माझं साहित्यही त्यांनीच ताटात मांडून दिलं. पांढऱ्या क्षाराची बाटली, काळ्या पुडीची बाटली, काचेची जाड नळी, स्पिरिटचा दिवा, पाण्याचं घमेलं. साहित्य बघून घ्या, हे मला आठवत होतं. पण तेवढ्यात शिपाई बोलवायला आला, दोघांनीही वर्गात बसायचं, असा निरोप घेऊन.

त्याचा धडा बरा झाला. निवळी दुधाळ झाली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावर समिती बसली होती. मग माझी पाळी.

प्राणवायू काढायची तेव्हाची पद्धत सोपी होती. पांढरा क्षार, म्हणजे पोटॅशियम क्लोरेट, घ्यायचा आणि त्यात मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड मिसळून तापवायचं. काळी पूड स्वतः जळत नाही. तिच्यामुळं वायू लवकर सुटतो, एवढंच. मी मुलांना हे सांगत सांगत पांढरा क्षार नळीत घातला आणि काळी बाटली उचलली.

बाटली हलकी लागली.

कॉलेजात मी ही पूड शेकडो वेळा तोलली होती. ती जड असते. मुठीएवढी बाटली मनगटाला जाणवते. या बाटलीवर चिठ्ठी तीच, आत गळ्यापर्यंत काळी पूड, आणि हाताला जणू रिकामी. मी चिमूट घेऊन दोन बोटांत चोळली. ती काजळीसारखी बोटाच्या रेषांत शिरली. कोळसा! पांढऱ्या क्षारात कोळसा मिसळून जाड नळीत तापवला असता तर ती नळी हातबॉम्बसारखी फुटली असती. पुढच्या बाकावरची मुलं कोपरं टेकून, माना पुढं काढून बसली होती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मुलांच्या जिवाची भीती नंतर वाटली. आधी माझ्या मनात आलं, मला कुणीतरी अडकवलंय. मी थांबलो तर हे म्हणतील घाबरला, आणि केलं तर डोळे जातील. मी मान वर करून वाईच्या त्या माणसाकडं बघितलं. तो भिंतीपाशी खुर्चीवर बसून एकटक माझ्या हातातल्या बाटलीकडं बघत होता.

"पुढच्या दोन रांगांनी मागं भिंतीपाशी जावं," मी म्हणालो.

"का बुवा?" वकील म्हणाले.

"दाखवतो, साहेब."

मी नळी बाजूला ठेवली. लांब दांड्याच्या लोखंडी पळीत दोन्ही पुडींची अगदी डाळीच्या दाण्याएवढी चिमूट घेतली, तोंड वळवलं आणि पळी दिव्यावर धरली. चार-पाच श्वास काही झालं नाही. मग लख्खकन जांभळट उजेड झाला, फस्स आवाज आला आणि पळीतला एक जळता कण टेबलावर पडून लाकडाला डाग पडला. मुली ओरडल्या. व्यापारी उभेच राहिले.

"बाटलीत मँगनीज नाही," मी म्हणालो. "कोळशाची पूड आहे."

वकील पुढं आले. त्यांनी बाटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुम्हीच काही मिसळलं नाहीत ना? छाप पाडायला?"

मी ताट दाखवलं, बाटली ताटात मामांच्या हातून आली ते सांगितलं. सांगताना आवाज चढला, तो मलाच ऐकू आला. मग मी मुलांकडं वळलो, कारण तिकडं वळल्याशिवाय मला तिथं उभं राहता आलं नसतं.

"विहिरीत औषध म्हणून जांभळी पूड टाकतात, ती कुणी बघितलीय?"

निम्म्या वर्गानं हात वर केले. शाळेच्या आडात टाकायला ती ठेवलेली असायचीच. मामांनी डबी आणून दिली. मी तिचे दाणे हातात घेऊन नीट बघितले, चिमूटभर पळीत तापवून बघितले, मगच नवी नळी भरली. ते नुसते तापवले तरी प्राणवायू सुटतो. कार्यालयातून उदबत्ती मागवली, तिची ज्योत फुंकून लाल टोक नळीच्या तोंडाशी नेलं. टोक भप्पकन पेटलं. वर्ग एकदम "ओ" म्हणाला. मी ती विझवली, पुन्हा नेली, पुन्हा पेटली. मग पोरांना रांगेनं बोलावून प्रत्येकाच्या हातात उदबत्ती दिली. व्यापाऱ्यांनीही येऊन एकदा पेटवून बघितली.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती आयुष्यभर फुशारकीनं सांगितली असती.

धड्यानंतर मला कार्यालयात बोलावलं. हेडमास्तरांनी कसं ओळखलं ते विचारलं, मी वजनाचं सांगितलं. मग वकिलांनी विचारलं, "हे कुणी केलं असेल? मनात काही असेल तर बोला."

मला माहीत नाही म्हणता आलं असतं. तेच खरं होतं. मी म्हणालो, "मी कुणावर आळ घेत नाही. पण दुसऱ्या उमेदवारांना मी ती बाटली उघडताना बघितलं. तेव्हा आत दुसरं कुणी नव्हतं. आणि येताना गाडीत त्यांनी मला साहित्य बघून घ्यायला सांगितलं होतं. का सांगितलं ते त्यांनाच ठाऊक."

त्याला आत बोलावलं. मला बाहेर जा म्हणाले नाहीत, आणि मीही गेलो नाही.

"बाटली उघडली होतीत?"

"हो. निवळी शोधत होतो."

"निवळी पाण्यासारखी असते. काळ्या बाटलीत का शोधलीत?"

"बाटली काळपट होती, आत काय ते दिसत नव्हतं. चिठ्ठी वाचली नाही आधी."

"आणि यांना साहित्य बघायला सांगितलंत?"

"सांगितलं." त्यानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. गणित सोडवताना मधली एक पायरी सापडत नाही तसं काहीतरी होतं. "मी सांगितलं होतं," तो पुन्हा म्हणाला. वकिलांनी आणखी चार प्रश्न विचारले. त्यानं एकाचंही उत्तर नीट दिलं नाही. थोड्या वेळानं त्यानं पिशवी उचलली आणि तो निघून गेला. परतीच्या गाडीत मी सगळ्या बाकांवर नजर टाकली. तो नव्हता, तेव्हा मला हायसं वाटलं.

आठवड्यात नेमणुकीचं पत्र आलं. या वेळी पाकीट धड होतं. आईनं शेजारच्या चार घरी गूळ वाटला. वडिलांना मी सगळी हकिकत सांगितली. चेंबर बघितलास, म्हणून त्यांनी पाठीवर थाप मारली. पुढचा भाग ऐकून मात्र त्यांनी विचारलं, "तू त्याला पूड घालताना बघितलास?"

"उघडताना बघितला."

"मी घालताना इचारतोय."

मी नेमणुकीचं पत्र घडी करून पाकिटात घातलं.

सांगलीत रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात मी प्रयोगशाळेची झडती घेतली. मामा एकेक बाटली काढून देत होते, मी चिठ्ठ्या बदलत होतो. काळी बाटली आली तेव्हा ते सहज म्हणाले, "ह्यो कोळसा जुन्या मास्तरांनी भरला हुता. पानी गाळून दावायला. ती काळी पूड संपलीवती, मोकळ्या बाटलीत ह्यो घातला. चिठ्ठी काडायची ऱ्हायली."

माझ्या हातातली दौत तशीच राहिली. "मामा, हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?"

"डोळ्यांनी आता धड दिसत न्हाई सर. वाटलं हुतं, दुसरी बाटली आसंल. उजेड झाला तवा ध्यानात आलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कुनी इचारलं?" ते म्हणाले. आणि जरा थांबून, "आन् भ्या वाटलं. नोकरीची दोन वर्सं ऱ्हायल्यात माजी."

ते खरंच होतं. त्या खोलीत सगळ्यांनी सगळ्यांवर संशय घेतला होता. वकिलांनी माझ्यावर, मी त्याच्यावर. मामांना विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

अर्जावरून पत्ता काढून मी रविवारी वाईला गेलो. तो घरीच होता. सोप्यात टंकलेखनाचं यंत्र ठेवून कुणाचे तरी कागद बडवत होता. मला बघून उठला, बसा म्हणाला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"तुम्ही खोटं काहीच बोलला नव्हता," तो शेवटी म्हणाला. "मी बाटली उघडली होती. मी गाडीत तसं सांगितलंही होतं. खोटं असतं तर मी भांडलो असतो. सगळं खरंच असल्यावर काय बोलायचं?"

त्याच्या आईनं चहा आणला. लाज वाटते सांगायला, पण मी माझ्या कपावरची नक्षी त्याच्या कपाशी ताडून बघितली. सारखीच होती.

"माफी राहू द्या," तो म्हणाला. "माझ्या मामांच्या कानावर ही गोष्ट गेली, तिथून आणखी दोन शाळांत गेली. मुलांच्या जिवाशी खेळणारा म्हणून. मला तुमच्या समितीचं पत्र हवंय. माझा हात नव्हता, असं लिहिलेलं."

सोमवारी मी हेडमास्तरांकडं गेलो. मामांचं नाव न घेता, कोळसा जुन्या शिक्षकांच्या वेळचा आहे एवढंच सांगितलं. ते कानकोंडे झाले. झालं गेलं, आता उकरून काय मिळणार, म्हणाले. मी वकिलांच्या घरी गेलो. "तुमची नेमणूक वर्षाच्या चाचणीवर आहे," ते म्हणाले. "स्वतःच दिलेली साक्ष स्वतःच फिरवताय, हे कागदावर आलं तर कसं दिसेल? विचार करा." मी तीन दिवस विचार केला. खरं तर तीन दिवस भ्यालो. मग स्वतःच्या हातानं कबुली लिहिली, की मी पूड घालताना कुणालाही पाहिलं नव्हतं आणि माझ्या बोलण्यामुळं एका निर्दोष माणसाचं नुकसान झालं. ती घेऊन हळदीच्या व्यापाऱ्यांच्या पेढीवर गेलो, कारण दुसरी जागा उरली नव्हती.

त्यांनी ती दोनदा वाचली. "मास्तर, ह्यात तुमचंच नाक कापलं जातंय की."

"व्हय," मी म्हणालो. एरवी शाळेत मी शुद्ध बोलायचो.

त्यांनी त्याखाली सही केली आणि माझ्यादेखत हेडमास्तरांना निरोप धाडला. हेडमास्तरांची सही मिळायला पंधरा दिवस गेले. वकिलांची मिळालीच नाही. दोन सह्यांचं ते पत्र मी रजिस्टर टपालानं वाईला पाठवलं. पोच आली, उत्तर आलं नाही. वर्षभर रोज मला वाटायचं, आज काढतील. काढलं नाही. पण समितीच्या बैठकीत वकील माझ्याकडं बघून बोलायचे थांबले, ते शेवटपर्यंत.

तीनेक वर्षांनी प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून मला आटपाडीला पाठवलं. शाळेच्या दारात जो शिक्षक घ्यायला उभा होता, तो तोच. दिवसभर आम्ही मुलांचे गुण सोडून काही बोललो नाही. त्याचे विद्यार्थी हुशार होते, नळी धरायला चांगलं शिकवलं होतं त्यानं. संध्याकाळी तो मला स्टँडपर्यंत सोडायला आला. गाडीला वेळ होता. तो म्हणाला, इथं पाण्याचे फार हाल आहेत, बायकोला दिवस गेलेत, कुठं नदीकाठी बदली मिळाली तर बघतोय.

"आमच्याकडं गणिताची जागा निघतेय," मी म्हणालो. "तुम्ही अर्ज केलात तर मी बोलेन."

तो पहिल्यांदाच मोठ्यानं हसला.

"नको बुवा," तो म्हणाला. "तुम्ही बोलायलाच नको." आणि गाडी आली तशी माझी पिशवी उचलून त्यानं आत, खिडकीपाशी ठेवून दिली.